घरातील रुग्णसेवा, थकवा आणि विश्वास: विश्रांती मागणे हा अविश्वास आहे का?

मोहरीचा दाणा :

सलाम मंडळी. आम्ही अहिल्यानगरचे. सासूबाईंना पक्षाघात होऊन त्यांची उजवी बाजू गेली आणि आता त्यांचे विस्मरणही वाढत चालले आहे. यजमान कारखान्यात पाळीने कामाला जातात, मुलगी शिक्षणासाठी पुण्यात आहे, त्यामुळे औषधे, आंघोळ, डायपर, भरवणे आणि रात्रीचे जागरण हे बहुतांशी माझ्याकडे आहे. माझ्या बाळंतपणात सासूबाई जशा उभ्या राहिल्या, तशा फार थोड्या राहत असतील, आणि त्यांचे करताना मला कमीपणा वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझा प्रश्न वेगळा आहे. रात्रीसाठी ब्युरोमार्फत (रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या संस्थेमार्फत) एक बाई ठेवावी असे मी सुचवले, तेव्हा नात्यातील एका ज्येष्ठांनी "पैसे देऊन घेतलेल्या सेवेला प्रभूच्या घरी किंमत नसते" असे ऐकवले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब (धर्मगुरू) नियमाने घरी येतात, सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना करतात; मात्र त्या प्रार्थनेत माझ्या वाट्याला "आमच्या भगिनीला सेवेसाठी अधिक सामर्थ्य दे" एवढेच वाक्य येते. मला अधिक सामर्थ्य नको आहे, मला झोप हवी आहे. रविवारची उपासना चुकते, पवित्र शास्त्र (बायबल) उघडले की डोळे मिटतात, आणि मग आपला विश्वासच उणा पडतो आहे की काय, अशी शंका येते.

ज्यांनी घरात असे आजारपण काढले आहे, त्यांनी स्वतःकडे कसे पाहिले आणि प्रार्थना कशी टिकवली, हे कृपया लिहावे. औषधोपचारांचे सल्ले डॉक्टर देतच आहेत.

रात्रपाळी :

ताई, मी मिरजेत शिकलेली, आता निवृत्त झालेली परिचारिका आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला सुरू केलेल्या मिशन दवाखान्यामुळे आणि अशाच इतर मिशन दवाखान्यांमुळे आपल्या समाजात घराआड एक नर्स असायची, आणि त्यामुळेच कदाचित "आपल्या बायकांना सेवा जमतेच" हा समज इतका घट्ट झाला असावा. पण त्या दवाखान्यातही दिवसाच्या तीन पाळ्या असत. आठ तासांची ड्यूटी संपवून, पुढच्या पाळीला चार्ज देऊन मी घरी निघाले म्हणून माझ्या विश्वासावर कोणी शंका घेतल्याचे मला आठवत नाही. घरी मात्र तिन्ही पाळ्या एकाच बाईने करायच्या, आणि वर चार्ज घ्यायला कोणी नाही म्हणून तिने देवाकडे सामर्थ्य मागायचे, हे गणित मुळातच चुकलेले आहे.

तुम्ही औषधोपचार नको म्हणालात तरी दोन गोष्टी सांगते, कारण त्या रुग्णाच्या नसून तुमच्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते आणि त्यात काळजी घेणाऱ्याची कंबर जाते. काखेत हात घालून ओढू नका. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत येईल अशी दुहेरी घडीची आडवी चादर खाली कायम ठेवा आणि ती दोन्ही बाजूंनी दोघांनी गुंडाळून धरून रुग्णाला सरकवा. गुडघे वाकवा, कंबर नको. यजमान घरी असतील ती वेळ यासाठी राखून ठेवा. दुसरे असे की, सासूबाईंचा रक्तदाब तुम्ही वहीत लिहीत असालच. त्याच वहीत स्वतःसाठी एक रकाना आखा आणि त्यांच्यानंतर पट्टा आपल्या दंडाला बांधा.

भिंगार नाका :

रात्रपाळीताईंना अनुमोदन. "चार्ज घ्यायला कोणी नाही" हे वाक्य आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) सूचनाफलकावर लावण्यासारखे आहे.

जुना मेंबर :

मी वयाने ज्येष्ठ आहे आणि माझे मत बहुधा अनेकांना रुचणार नाही, तरी लिहितो. हल्ली स्वतःची काळजी, स्वतःसाठी वेळ हे शब्द फार ऐकू येतात. प्रभूने मात्र दररोज आपला वधस्तंभ उचलून मागे यायला सांगितले आहे (लूककृत शुभवर्तमान, अध्याय ९). बायबलमधील रूथने आपली सासू नामी हिला सोडले नाही. ती तर सूनच होती. माझ्या आईने माझ्या आजोबांचे सर्व काही अंथरुणात केले आणि तिच्या तोंडून थकल्याचा शब्द मी ऐकला नाही. सेवा जड जाते हे खरे, पण जड जाते म्हणून ती दुसऱ्याच्या हाती सोपवायची, तर वधस्तंभ या शब्दाला अर्थ काय उरला? धागाकर्त्या भगिनींना दुखावण्याचा हेतू नाही.

निळी छत्री :

काका, आपल्या वयाचा मान ठेवून विचारते: आपल्या आईने ते एकटीने केले होते का?

जुना मेंबर :

एकटीने नव्हे. दोन काकू होत्या, शेजारच्या आत्याबाई होत्या, आणि उचलायला आम्ही पोरे होतो. पण त्यामुळे माझा मुद्दा बदलत नाही. ती सगळी घरची माणसे होती, मोलाने आणलेली नव्हती.

निळी छत्री :

तर मग रूथचे उदाहरण आज कोणाला दिले जाते, तेही पाहावे लागेल. मी अविवाहित आहे, शिक्षिका होते. आमच्या घरात तीन भावंडे. आई आजारी पडली तेव्हा कोणतीही बैठक न होता सर्वांनी गृहीत धरले की "हिला संसार नाही, हिला सेवेचे दान आहे". हे दान मला कधी मिळाले, हे मला कोणी विचारले नव्हते. आपल्या समाजात अशा अविवाहित परिचारिका, शिक्षिका, बायबलबाई (घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या) किती होत्या आणि आहेत, आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांचे कोणी केले, याची आठवण प्रत्येकाने आपापल्या नात्यात करून पाहावी.

आईचे केले याचा मला खेद नाही. पण श्रद्धेची भाषा वापरून कामाची वाटणी टाळली जाते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते. एकमेकांची ओझी वाहा, असे प्रेषित पौल बायबलमधील गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात लिहितो. त्याच अध्यायात थोडे पुढे प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा, असेही लिहितो. आमच्या घरी भावांना दुसरे वचन तोंडपाठ होते.

हडपसर लोकल :

शेवटच्या वाक्याला सलाम. आमच्याकडे तर "तू किती करतेस गं" असे म्हणणारे पाहुणे त्याच वाक्यात साखर कमी घातलेला चहा मागतात.

कुपारी :

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडच्या काही पद्धती वेगळ्या आहेत, त्या उपयोगी पडतील म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या पत्नीला कर्करोग होता आणि अखेरचा बराच काळ ती घरीच होती. पुरुषाने रुग्णसेवा केली की लोक फार कौतुक करतात, आणि तेच काम सून करते तेव्हा ते तिचे कर्तव्य ठरते, ही गोष्ट मला त्या काळात फार खटकली. कौतुक मला पुष्कळ मिळाले, त्यामुळे मदतही पटकन मिळाली.

रविवारबद्दल: आमच्या धर्मशिक्षणात आजारपण किंवा तान्ह्या मुलांची देखभाल यांसारख्या गंभीर कारणासाठी रविवारच्या मिस्साच्या (उपासनेच्या) बंधनातून मोकळीक दिलेली आहे. ही सवलत आपल्याला लागू होते, हे मला फादरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले, तेव्हा डोक्यावरचे निम्मे ओझे उतरले. धर्मग्रामातून (स्थानिक चर्चमधून) कम्युनियन (प्रभुभोजनाची पवित्र भाकर) घरी येत असे आणि ते फक्त पत्नीसाठी येते असे मी धरून चाललो होतो. आणणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "तुम्ही घेणार ना?" तेव्हापासून मीही हात-तोंड धुऊन, शर्ट बदलून पलंगाशेजारी बसू लागलो.

आणखी एक गोष्ट अशी की, तेलाच्या अभ्यंगाचा संस्कार म्हणजे शेवटची घटका, अशी भीती घराघरात असते, आणि त्यामुळे फादरांना बोलावणेच टाळले जाते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये या संस्काराच्या विधीत सुधारणा झाली आणि तो मरणोन्मुखांपुरता नसून गंभीर आजाऱ्यांसाठी आहे, हे स्पष्ट करण्यात आले. लवकर बोलावले तर रुग्ण शुद्धीवर असतो, घरचेही सोबत प्रार्थना करू शकतात.

आणि जुना मेंबर काकांना नम्रपणे सांगतो, वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा करते आहे. तेथे सिस्टर्सच्या हाती पत्नीला काही काळ सोपवले, तेव्हा मी तिच्याशेजारी नवरा म्हणून बसू शकलो. घरी मी तिचा फक्त वॉर्डबॉय उरलो होतो.

हडपसर लोकल :

कुपारीदादा, शेवटची दोन वाक्ये वाचून काही विनोद करवत नाही.

वाचनवेडा :

मी ख्रिस्ती नाही, पण माझ्या आईला अल्झायमर आहे म्हणून वाचतो आहे. आमच्याकडे वधस्तंभाऐवजी पुण्याचा हिशोब असतो, बाकी संवाद शब्दशः हेच. या आजाराच्या कुटुंबीयांसाठी एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था १९९२ पासून देशात काम करते; तिच्यासारख्या आधारगटांच्या बैठकीत मला पहिल्यांदा कळले की, आई तोच प्रश्न वीस वेळा विचारते तेव्हा येणारा राग सगळ्यांनाच येतो. एक शंका विचारतो: तुमच्या धर्मात देवावर रागावण्याची मुभा आहे का?

साधा विद्यार्थी :

वाचनवेडा, मुभा आहे, आणि तीही पुस्तकात लिहून ठेवलेली आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र पाहावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते देवाला उद्देशून केलेली प्रार्थना म्हणूनच संग्रहात ठेवले गेले आहे. मी धर्मशास्त्राचा अभ्यास करतो, पाळक अजून झालेलो नाही, म्हणून चुकभूल द्यावी घ्यावी.

धागाकर्त्या ताईंच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या अध्याय १९ मध्ये आहे. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून आता पुरे झाले, माझा जीव घे, असे देवाला म्हणतो. याच्या आदल्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला आहे, म्हणजे विश्वासात उणा पडलेला माणूस तो नव्हे. त्यावर देवदूत त्याला उपदेश करत नाही, जाबही विचारत नाही. तो झोपतो, त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले जाते, तो पुन्हा झोपतो, पुन्हा त्याला खायला दिले जाते, कारण पुढचा प्रवास त्याच्या शक्तीबाहेरचा आहे. देवाची वाणी, प्रश्नोत्तरे, नवे काम हे सर्व त्यानंतर येते. आपण घरभेटीला जाताना हा क्रम नेमका उलटा करतो: आधी वचन, मग प्रार्थना, आणि भाकरीचा विषय निघालाच तर ती त्या घरच्या बाईने भाजायची.

मोलाच्या सेवेबद्दल लूक १० मधील, वाटेत लुटारूंनी जखमी केलेल्या परक्याला मदत करणारा शोमरोनी माणूस पाहावा. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, एक रात्र काळजी घेतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे त्या काळची मजुराची सुमारे दोन दिवसांची मजुरी, रखवालदाराच्या हाती देऊन आपल्या वाटेला लागतो. प्रभूने ज्याच्यासारखे करायला सांगितले त्या माणसाने सेवेचा काही भाग पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवला होता. आणि वधस्तंभावरून प्रभूने स्वतः आपल्या आईला एका शिष्याच्या हाती दिले (योहान १९), हे तर आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो.

तिसरी घंटा :

मी पाळकीण, म्हणजे पाळकांची पत्नी आहे, त्यामुळे "भाकरीचा विषय" थेट आमच्या अंगणात पडला आहे असे समजून लिहिते.

आमच्या महिला मंडळाने काही वर्षांपूर्वी ठरवले की, ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे तेथे आळीपाळीने दोन तास जाऊन बसायचे, म्हणजे घरच्या बाईला मोकळीक मिळेल. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात असे झाले की भगिनी जोडीने जायच्या, गीत म्हणायच्या, प्रार्थना करायच्या आणि मग गप्पा रंगायच्या. घरची बाई पोहे करायची, कपबशा काढायची, आणि त्या गेल्यावर कपबशा विसळायची. दोन तासांची मोकळीक राहिली बाजूला, तिचे काम तेवढे वाढले. एका घरून तर "या आठवड्यात नाही आलात तरी चालेल" असा निरोप आला, तेव्हा आम्ही नव्याने विचार केला.

आता आमचे नियम असे आहेत: एका वेळी एकच भगिनी जाईल. ती पोहोचली की घरची बाई घरात थांबणार नाही. तिने बाजारात जावे, पार्लरमध्ये जावे, आईकडे जावे, चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून राहावे, कोठे गेली होतीस हे कोणी विचारायचे नाही. चहा लागला तर गेलेल्या भगिनीने आपला आपण करून घ्यायचा आणि भांडे धुऊन ठेवायचे. रुग्णाला गिळायला त्रास असेल तर काही भरवायचे नाही, नाहीतर ठसका लागतो. डायपर बदलायची वेळ आली तर कोण बदलेल, हे आधी विचारून घ्यायचे, कारण पुष्कळ सासवांना परक्या बाईचा हात चालत नाही. या नियमांनंतर नावे देणाऱ्या भगिनी कमी झाल्या, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण ज्या येतात त्या खरोखर उपयोगी पडतात.

प्रार्थनेतल्या त्या एका वाक्याबद्दल मी आमच्या साहेबांशी बोलले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की सेमिनरीत (पाळकांच्या प्रशिक्षणशाळेत) आम्हांला रुग्णभेट शिकवली, रुग्णाच्या घरच्यांची भेट निराळी असते हे आमच्या लक्षातच आले नाही.

मोहरीचा दाणा :

सर्वांचे प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. रात्रपाळीताई, आडव्या चादरीची युक्ती आजपासून सुरू केली आहे आणि सरकवणे खरोखर हलके झाले. तिसरी घंटा ताई, आमच्या मंडळीतही हेच घडते; फक्त पोह्यांऐवजी उपमा असतो.

जे पहिल्या वेळी लिहायला धजले नाही ते आता लिहिते. पहाटे तीनच्या सुमारास चादर बदलताना सासूबाई मला ओळखत नाहीत, चोर समजून मनगट धरून ओरबाडतात, डाव्या हातात अजून पुष्कळ जोर आहे. एकदा त्यांचा हात मी गरजेपेक्षा जोरात झटकला. त्यांना लागले नाही, पण त्या लहान मुलासारख्या रडू लागल्या. त्या रात्रीपासून अधूनमधून मनात येते की प्रभूने आता यांना न्यावे. हे मी त्यांच्यासाठी मागते की माझ्यासाठी, हे माझे मलाच सांगता येत नाही. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षण करतात, तेव्हा मी तेथेच अडखळते.

रात्रपाळी :

ताई, "त्यांचा त्रास संपावा" आणि "माझा त्रास संपावा" हे पहाटे तीनला वेगळे करता येत नाहीत. दिवसा, पोटात अन्न आणि अंगात झोप असताना ते बऱ्यापैकी वेगळे होतात. वॉर्डात नातेवाइकांनी हे माझ्या कानात सांगितले आहे, आणि सांगणारी माणसे प्रेमाने करणारीच होती. ज्यांना आजाऱ्याचे काही वाटत नाही, त्यांच्या मनात हा प्रश्नच येत नाही.

मात्र हात झटकला गेला, ही खूण समजा. असा क्षण आला की, रुग्ण सुरक्षित आहे, कठडा वर आहे एवढे पाहून खोलीबाहेर या, तोंडावर पाणी मारा, मग परत जा. ओली चादर पाच मिनिटे थांबू शकते. रात्रीचे ओरबाडणे अचानक वाढले असेल तर त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा एखादी वेदना असू शकते, म्हणून ते डॉक्टरांना जरूर सांगा. आणि स्वतःची झोप, भूक, रडू हाताबाहेर जाते आहे असे वाटले तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतूनही बोलता येते. प्रार्थना करणे आणि फोन करणे यांत काही वैर नाही.

जुना मेंबर :

मोहरीचा दाणा भगिनी, तुमचा दुसरा प्रतिसाद वाचला. माझ्या घरी अशी वेळ आली तर माझ्या सुनेने तुमच्याइतके करावे, अशी अपेक्षा करण्याचे धाडस मला होणार नाही.

तरीही विद्यार्थ्याला एक सांगतो. शोमरोनी माणसाचा दाखला तुम्ही अर्धाच वापरलात. तो पैसे देऊन गेला, पण जाताना "परत येईन तेव्हा अधिक खर्च भागवीन" असेही म्हणाला. माझा आक्षेप बाई ठेवण्याला नाही, बाई ठेवून पाठ फिरवण्याला आहे. आमच्या ओळखीत अशी घरे आहेत जेथे म्हातारा मागच्या खोलीत बाईच्या स्वाधीन असतो आणि पुढच्या खोलीत टीव्ही चालतो.

साधा विद्यार्थी :

काका, परत येण्याचा भाग मी खरोखर सोडला होता. तो धरून वाचले तर दाखला आणखी नेमका होतो. मान्य.

रात्रपाळी :

या चर्चेत एक व्यक्ती कोणालाच आठवली नाही: ती ब्युरोची बाई. बारा तासांची ड्यूटी, येण्याजाण्याचा वेळ वेगळा, ब्युरोचे कमिशन कापून उरलेला पगार, आणि घरी तिची स्वतःची म्हातारी. आपल्याकडे येणाऱ्या यातल्या कितीतरी बाया खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या असतात, आणि रविवारी उपासनेला जाण्यासाठी सुट्टी मागताना चाचरतात. घरची मंडळी रविवारी चर्चला जावीत म्हणून त्याच दिवशी तिला हमखास बोलावले जाते. बाई ठेवायची असेल तर निदान आलटून पालटून रविवार तिला द्यावा, तिला झोपायला सतरंजीऐवजी गादी द्यावी, आणि जेवताना तिची वेगळी ताटली काढू नये.

निळी छत्री :

वेगळ्या ताटलीबद्दल लिहिलेत हे फार बरे केलेत. ख्रिस्ती घरांत असे होत नाही, असे म्हणणारे आता येतीलच.

पेनाइन्सपलीकडे :

मी इंग्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात नोकरी करतो, म्हणजे परक्यांच्या आईवडिलांची सेवा हे माझे पोट आहे. माझी आई जालन्यात आहे आणि तिचे सर्व माझी बहीण करते. येथे २०१४ च्या केअर कायद्याने घरच्या माणसाची सेवा करणाऱ्याला स्वतःच्या गरजांची पाहणी करून मागण्याचा हक्क दिला आहे, आणि एप्रिल २०२४ पासून नोकरदारांना अशा सेवेसाठी वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा मिळते. कागदावर हे चांगले आहे. प्रत्यक्षात मदत मिळेपर्यंत लोक मेटाकुटीला येतात. तरी तुमची स्वतःची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न सरकारी फॉर्मवर छापलेला असतो, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

दूर राहणाऱ्या भावांसाठी लिहितो. पूर्वी मी नाताळात जात असे. घरी गेलो की बहीण आईचे करून वर माझ्यासाठी करंज्या करायची, नातेवाईक मला भेटायला यायचे, आणि मी दिसलो म्हणून आई खूश झाली याचे श्रेय घेऊन मी परतायचो. आता मी नाताळ सोडून जातो, आणि मी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी बहीण मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला जाते. पहिल्या खेपेस आईने मला डायपर बदलू दिले नाही, दिवसभर बहिणीच्या नावाने हाका मारल्या. आम्ही बहिणीला फोन केला नाही. रात्री आईने हट्ट सोडला.

भिंगार नाका :

नाताळचा विषय निघालाच आहे तर एक विनंती: कॅरलपार्टीच्या (नाताळगीते गात घरोघर फिरणाऱ्या) तरुणांना आपल्या घरी संध्याकाळी सर्वांत आधी बोलवावे. आमच्याकडे वडील आजारी असताना मध्यरात्रीनंतर ढोलकी, टाळ आणि गिटार घेऊन दारात चाळीस माणसे आली होती. वडील उठून ताल धरू लागले ते पहाटेपर्यंत झोपले नाहीत, आणि अर्थातच आम्हीही नाही. ते फार आनंदात होते, म्हणून तक्रार नोंदवत नाही.

हडपसर लोकल :

लेंटमध्ये (ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात) उपास करावा का? मला मधुमेह आहे, सासऱ्यांचे सर्व मी पाहतो, आणि घरात विषय काढला की वाद होतो.

कुपारी :

आमच्याकडे उपासाचे बंधन फक्त राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांचे, तेही १८ ते ५९ या वयातल्यांना आहे, आणि आजाऱ्यांना त्यातून सूट असते. मधुमेह असताना उपाशीपोटी सासऱ्यांना उचलायला गेलात आणि दोघेही पडलात तर त्यातून कोणाचे आत्मिक कल्याण होणार आहे? दुसरे काही सोडा. मी त्या वर्षी लोकांवर चिडणे सोडायचे ठरवले होते; जेवण सोडणे त्याहून पुष्कळ सोपे गेले असते.

तिसरी घंटा :

मोहरीचा दाणा ताई, प्रार्थना कशी टिकवावी हे तुम्ही विचारले होते आणि त्यावर कोणीच लिहिले नाही. मी पाहिलेले सांगते. आमच्या मंडळीतील एक आजी, पतीला भरवताना प्रत्येक घासाला एकेका नातवंडाचे नाव घेत. घास पुष्कळ आणि नातवंडे थोडी, म्हणून पुढे त्या शेजाऱ्यांची, दुधवाल्याची, नावडत्या जावेचीही नावे घेऊ लागल्या. तासभर बसून शास्त्र वाचणे त्यांना जमत नव्हते, पण त्या घरात दिवसातून तीन वेळा सगळ्या आळीसाठी प्रार्थना होत होती. आणि जेव्हा तेही जमणार नाही तेव्हा तुमच्या वतीने आम्ही करू. मंडळी आणखी कशासाठी असते?

मोहरीचा दाणा :

ताई, हे जमण्यासारखे आहे. दुधवाल्यापासून सुरुवात करते.

घरात बोलणे झाले. आठवड्यातून काही रात्री बाई ठेवायची, रविवार तिला मोकळा द्यायचा, त्या दिवशी सकाळी यजमान घरी थांबतील आणि मी उपासनेला जाईन. पुढच्या रविवारी ते जातील. ज्या ज्येष्ठांनी ऐकवले होते त्यांना यजमानांनी फोन करून विचारले की, आपण मंगळवारच्या रात्री येऊन बसाल का. ते कळवतो म्हणाले आहेत. पाळकसाहेबांनाही मी स्वतःच सांगितले. आता एक व्यावहारिक प्रश्न: पाठीवर लालसर चट्टा दिसू लागला आहे आणि डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली आहे. नवी घ्यावी की वापरलेली चालते?

रात्रपाळी :

वापरलेली चालते, फक्त तिचे फुगे गळके नसावेत आणि पंप ठीक असावा. जंतुनाशकाने पुसून, उन्हात न टाकता सावलीत वाळवा. मात्र गादी आली म्हणून कूस बदलणे बंद करायचे नाही.

भिंगार नाका :

आमच्या चर्चच्या स्टोअररूममध्ये कॅरलच्या चांदणीमागे एक हवेची गादी, एक कमोडची खुर्ची आणि एक चाकाची खुर्ची पडून आहे. वडील गेल्यावर आम्हीच दिली होती. किल्ली सेक्रेटरींकडे असते. उद्या संध्याकाळी पंप लावून रात्रभर हवा टिकते का ते पाहतो आणि येथेच लिहितो. तुमच्या पलंगाची रुंदी तेवढी मोजून ठेवा.